आईकडून आलेले घराणे : दुर्गाबाई कामत ते विक्रम गोखले

मराठीत ‘घराणे’ हा शब्द आपण तीन ठिकाणी वापरतो : राजाचे घराणे, गाण्याचे घराणे आणि नटांचे घराणे. राजाच्या घराण्यात रक्त आणि नाव बापाकडून मुलाकडे जाते. गाण्याच्या घराण्यात रक्ताची अट नसते. गुरूच्या गळ्यातले काही शिष्याच्या गळ्यात उतरले की नाते सिद्ध झाले. नटांच्या घराण्याविषयी बोलताना मात्र आपण नकळत राजघराण्याचाच नमुना डोळ्यांपुढे ठेवतो. पृथ्वीराज, मग राज, मग ऋषी, मग रणबीर अशी वंशावळ एका श्वासात सांगता येते, कारण प्रत्येक नावाच्या पाठीमागे ‘कपूर’ हे आडनाव ठामपणे उभे असते. आडनाव बदलले की वंशावळ तुटल्यासारखी वाटते, आणि आडनाव बदलण्याचा प्रसंग आपल्याकडे स्त्रीवरच येतो.

आमच्या मते मराठी नाट्यचित्रसृष्टीतल्या सर्वांत दीर्घ घराण्याकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही, त्याचे एक कारण इथे आहे. विक्रम गोखले हे चंद्रकांत गोखले यांचे चिरंजीव, हे रसिकांना पाठ असते. चंद्रकांत गोखले हे कमलाबाईंचे चिरंजीव, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक असते. आणि कमलाबाई या दुर्गाबाई कामत यांच्या कन्या, हे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो. गोखले या नावाच्या आत कामत हे नाव दडलेले आहे. या घरातल्या चार पिढ्यांची कारकीर्द १९१३ च्या आधी सुरू होते आणि २०२२ मध्ये विक्रम गोखले यांच्या निधनापाशी येऊन थांबते. शतकाहून मोठ्या या काळात रंगभूमी, मूकपट, बोलपट, व्यावसायिक नाटक, हिंदी चित्रपट आणि दूरचित्रवाणी असे सगळे टप्पे आले. या घराचा वृत्तान्त सांगणे म्हणजे मराठी अभिनयाचा एक संक्षिप्त इतिहास सांगणेच होय. पण तो सांगताना सुरुवात आईपासून करावी लागते, आणि मग ‘वारसा’ या शब्दाचाही फेरविचार करावा लागतो.

१९१३ : एकाच वर्षातल्या दोन घटना

नाट्येतिहासाच्या तासाला १९१३ हे साल हमखास येते. त्या वर्षी बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. पुरुषाने साकारलेल्या स्त्रीचे सौंदर्य मराठी प्रेक्षकांनी कळसाला पोहोचलेले पाहिले ते याच मंडळीच्या काळात. चित्रपटाच्या इतिहासातही १९१३ चे स्थान अढळ आहे. त्या वर्षीच्या ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. त्यातली तारामती साळुंके या पुरुष नटाने केली होती. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळावी म्हणून फाळक्यांनी खटपट पुष्कळ केली. कलावंतिणींनीही नकार दिला, आणि शेवटी उपाहारगृहात काम करणारा एक नाजूक बांध्याचा तरुण त्यांना सापडला, ही हकिकत सर्वश्रुत आहे.

या दोन्ही घटना पाठ्यपुस्तकांत आहेत. याच वर्षाची तिसरी घटना मात्र तळटिपेत ढकलली जाते. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ हाती घेतला आणि त्यात दोन स्त्रिया कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत होत्या, मोहिनीच्या भूमिकेत त्यांची जेमतेम तेरा वर्षांची कन्या कमला होती. भारतीय कथापटात स्त्रीने काम करण्याची ही पहिलीच वेळ होती.

या तिन्ही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या समाजात कुलीन घरांतल्या स्त्रिया बालगंधर्वांच्या साडीचोळीची, केसांच्या वळणाची हौसेने नक्कल करीत होत्या, त्याच समाजात प्रत्यक्ष स्त्रीने तोंडाला रंग लावणे हा कलंक होता. स्त्री कशी दिसावी, कशी चालावी, कशी लाजावी याचा वस्तुपाठ पुरुषाने द्यायचा आणि स्त्रीने तो घरी बसून गिरवायचा, असा तो उफराटा व्यवहार होता. बालगंधर्वांच्या कलेचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्या कलेला जी मोकळी जागा मिळाली, ती कोणाला तरी बाहेर ठेवून मिळाली होती, हे विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे.

दुर्गाबाई : बाहेर पडलेली स्त्री

दुर्गाबाई हौसेने नाटकात आल्या नव्हत्या. पतीपासून विभक्त झालेली, पदरी लहान मुलगी असलेली पांढरपेशा घरातली बाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काय करू शकत होती? शिक्षिकेचा किंवा परिचारिकेचा व्यवसाय फार थोड्यांच्या आवाक्यात होता. दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक, धुणीभांडी, नातेवाइकांच्या माजघरातले ओशाळे जिणे हेच पर्याय उरत. दुर्गाबाईंनी यांतले काहीच स्वीकारले नाही आणि फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली. समाजाने त्याची किंमत बहिष्काराच्या रूपाने वसूल केली.

फिरती नाटक मंडळी हा एक चालता संसार असे. पडदे, पेट्या, कपडे, तबलजी, आचारी यांच्यासह गावोगाव मुक्काम पडत. बायकांनी बायकांच्या भूमिका करण्याची प्रथा मुख्य मंडळ्यांत नसली तरी स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या महाराष्ट्राला आणि सीमाभागाला अपरिचित नव्हत्या. मात्र त्यांत काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा कलावंत समाजातल्या असत, आणि म्हणून प्रतिष्ठित समीक्षा त्यांच्याकडे पाहतच नसे. हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ १९१२ मध्ये रंगभूमीवर आले. म्हणजे स्त्रीने लिहिलेले नाटक केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या नामांकित मंडळीने करावे इथवर काळ आला होता. पण त्या नाटकातली नायिका स्त्रीने करावी, इथवर तो यायचा होता. दुर्गाबाई या दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत उभ्या होत्या. त्यांच्या लेकीला चार-पाच वर्षांच्या वयापासून रंगमंचाची सवय झाली, ती याच फिरतीमुळे. चित्ताकर्षक नाटक मंडळीत असताना या मायलेकींना फाळक्यांचे बोलावणे आले.

फाळक्यांचा हा निर्णय धाडसी होता यात शंका नाही. पण धाडसाचा हिशेब मांडताना आपण दिग्दर्शकाच्या खात्यावरच सगळी रक्कम जमा करतो. फाळक्यांना अपयश आले असते तर त्यांचा एक चित्रपट बुडाला असता. त्या दोघींचे मात्र परतीचे दोर मुळातच कापलेले होते. ज्यांना गमवायला प्रतिष्ठा उरलेली नाही, त्यांनाच नव्या माध्यमाचा पहिला प्रयोग करता येतो, असे इतिहासात अनेकदा दिसते. त्यांच्या जोखमीला ‘धाडस’ हा शब्द मिळत नाही, कारण ती जोखीम परिस्थितीने लादलेली होती, असे समजले जाते. आम्हांला हा भेद मान्य नाही. लादलेल्या परिस्थितीतही अनेक वाटा होत्या, आणि दुर्गाबाईंनी त्यांतली सर्वांत उघडी वाट निवडली.

मोहिनीची भूमिका

‘मोहिनी भस्मासुर’ आज उपलब्ध नाही. आपल्या हाती कथा आहे आणि भूमिकांची वाटणी आहे; पण एवढ्या सामग्रीवरही विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

भस्मासुराने शंकराकडून वर मिळवला : ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म व्हावा. वर मिळताच तो शंकरावरच उलटला. तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, नृत्यात असुराला गुंगवले आणि नाचता नाचता त्याला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावला. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला पुरुष. ज्या रंगभूमीवर पुरुष स्त्रीचे सोंग घेत होते, तिच्या शेजारी जन्मलेल्या चित्रपटाने स्त्रीला पहिल्यांदा बोलावले ते स्त्रीचे सोंग घेतलेल्या पुरुषाची भूमिका करण्यासाठी. फाळक्यांनी हे जाणूनबुजून केले असेल असे आम्ही म्हणत नाही. पौराणिक कथा त्यांच्या हाताशी होती आणि नृत्याला वाव देणारी होती, एवढे कारण पुरेसे आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने हेतूच्या पलीकडचा अर्थ वाचायला शिकावे, ही अपेक्षा गैर नाही. इथे भूमिका करणारी आणि भूमिका यांतला संबंध उलटापालटा झाला आहे, आणि त्या उलटापालटीत त्या काळाचा पेच स्पष्ट दिसतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. कमला लहानपणापासून संगीत नाटकाच्या वातावरणात वाढलेली. संगीत रंगभूमीवर नटाची ओळख आधी गळ्याने होते, मग चेहऱ्याने. त्या मुलीला चित्रपटाने पडद्यावर आणले ते मूक करून. तिचा चेहरा पहिल्यांदाच दूरवर पोहोचला, आणि आवाज मात्र तंबूत राहिला.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या चित्रपटाने दार उघडले असे आपण म्हणतो. पण ते लगेच पुन्हा लोटले गेले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्यानंतर ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने बालकृष्ण रंगवला. म्हणजे स्वतःच्या घरातली बालिका पुरुषरूपात चालत होती आणि सीतेसाठी पुन्हा पुरुष लागत होता. ‘पहिली अभिनेत्री’ हा किताब देताना आपण इतिहास सरळ रेषेत पुढे गेला असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात १९१३ मध्ये एक पाऊल पडले आणि ते मागे घेतले गेले. मराठी रंगभूमीच्या मुख्य प्रवाहात स्त्री स्थिर झाली ती १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची मंडळी काढल्यावर आणि १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्यावर. मधली सुमारे वीस वर्षे कमलाबाईंनी वाट पाहण्यात घालवली नाहीत. त्या काम करीत राहिल्या.

कमलाबाई : तीन मुलांची आई, नाटकातली पुरुषपात्रे

कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. तेही रंगभूमीवरचेच. या विवाहाने कामत हे नाव मागे पडले आणि गोखले हे नाव पुढे आले. पण संसार फार काळ टिकला नाही. ऐन तारुण्यात कमलाबाईंना वैधव्य आले आणि तीन मुलगे पदरी राहिले. आईच्या आयुष्यातला प्रश्न मुलीच्या आयुष्यात वेगळ्या रूपाने परत आला, आणि मुलीने उत्तरही आईचेच दिले : नाटक सोडायचे नाही.

विधवेने रंग लावून रंगमंचावर जाणे ही त्या काळात दुहेरी आगळीक होती. ज्या ब्राह्मणी समाजात विधवेच्या केशवपनाची रूढी अजून विरली नव्हती, तिथे कमलाबाई भूमिका करीत होत्या, आणि त्याही अनेकदा पुरुषांच्या. स्त्रियांच्या मंडळीत पुरुषपात्रे स्त्रियांनीच करावी लागत, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. परंतु मोहिनीपासून सुरू झालेली ही कारकीर्द पुरुषपात्रांपर्यंत येते, हा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुरुषाने केलेल्या स्त्रीभूमिकेवर आपल्याकडे ग्रंथ आहेत, आठवणी आहेत, छायाचित्रे आहेत. स्त्रियांनी केलेल्या पुरुषभूमिकांवर मराठीत सलग लेखन किती आहे, हे एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने ग्रंथालयात जाऊन पाहावे.

१९३१ नंतर बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे तंबू एकेक करून उठू लागले. मंडळ्यांच्या आधाराने जगणारे शेकडो कलावंत उघड्यावर पडले. कमलाबाई बोलपटांकडे वळल्या. तिथे त्यांच्या वाट्याला नायिकेच्या भूमिका आल्या नाहीत. पण काम येत राहिले. ‘गहराई’ या १९८० च्या हिंदी चित्रपटातही त्या दिसतात. १९१३ ते १९८० हा सदुसष्ट वर्षांचा पल्ला झाला. मूकपटाच्या पहिल्या वर्षात कॅमेऱ्यासमोर आलेली व्यक्ती रंगीत चित्रपटाच्या काळात पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहते, अशी उदाहरणे जगाच्या चित्रपटसृष्टीतही विरळाच.

या मुलग्यांपैकी लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले. लालजी गोखले यांनी अहमदजान थिरकवा यांच्याकडे तालीम घेतली आणि तबलावादक म्हणून नाव मिळवले. चंद्रकांत अभिनयाकडे आले. आईच्या कलेतली लय एकाकडे गेली, वाणी दुसऱ्याकडे, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. एवढे मात्र खरे की संगीत नाटकाच्या घरात लय आणि वाणी वेगळ्या काढता येत नाहीत.

‘पहिली’ कोण, आणि ‘कुलीन’ म्हणजे काय

कमलाबाईंच्या उत्तरायुष्यात, १९९० च्या दशकाच्या आरंभी, रीना मोहन यांनी ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. लहानशा घरात एकट्या राहणाऱ्या, ऐंशी उलटून गेलेल्या या बाई त्यात बोलतात, आठवतात, अभिनय करून दाखवतात. मूकपटाने जिचा आवाज घेतला नव्हता, तिचा आवाज जवळजवळ आठ दशकांनी चित्रफितीवर नोंदला गेला. हा माहितीपट झाला नसता तर आपल्याकडे काय उरले असते याची कल्पना करावी : एक हरवलेला चित्रपट, दोन नावे, आणि ‘पहिली अभिनेत्री’ हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले उत्तर.

तेही उत्तर धड नाही. काही ठिकाणी दुर्गाबाईंना पहिली अभिनेत्री म्हटले जाते, काही ठिकाणी कमलाबाईंना. दुर्गाबाईंच्या नावापुढे १८७९ हे जन्मवर्ष आणि १९९७ हे मृत्युवर्ष मांडलेलेही आढळते. हा हिशेब खरा मानला तर त्यांचे आयुष्य ११८ वर्षांचे ठरते! कमलाबाई १९९० च्या दशकाच्या अखेरीस गेल्या, हे लक्षात घेतले की आई आणि लेक यांच्या तारखा कुठे मिसळल्या असाव्यात याचा अंदाज येतो. राजांच्या आणि पेशव्यांच्या तिथी घटिका-पळांसह ठेवणाऱ्या समाजाने या दोघींना एकमेकींपासून वेगळे ओळखण्याइतकीही काळजी घेतली नाही.

दुसरा गोंधळ ‘कुलीन’ या शब्दाचा आहे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधून दुर्गा खोटे पुढे आल्या, तेव्हा चित्रपटात कुलीन स्त्रीचा प्रवेश झाला असे मानले गेले, आणि आजही तसेच शिकवले जाते. दुर्गाबाई खोटे यांचे कर्तृत्व वादातीत आहे. पण मग १९१३ मध्ये आलेल्या दोघी कोण होत्या? जन्माने त्याही पांढरपेशा वर्गातल्याच होत्या. फरक एवढाच की घर सोडून त्या नाटक मंडळीत गेल्या, आणि त्या क्षणी समाजाने त्यांचे कुलीनत्व काढून घेतले. म्हणजे ‘कुलीन’ हे विशेषण जन्माचे वर्णन करीत नाही, त्या बाईच्या पाठीशी घर उभे आहे की नाही हे सांगते. हा शब्द आपण आपल्या नोट्समधून अवतरणचिन्हाशिवाय लिहू नये, असे आम्हांला वाटते.

चंद्रकांत गोखले : मधली पिढी

चंद्रकांत गोखले यांचा जन्म १९२१ चा, मिरजेतला. वयाच्या नवव्या वर्षापासून ते नाटकात काम करू लागले. शाळेने जे द्यायचे ते आईने घरी दिले. लिहिणे-वाचणे, गाणे आणि अभिनय या तिन्ही गोष्टी एकाच गुरूकडून आल्या. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हा तपशील कळीचा आहे. या घरात अभिनय आईने दिला आहे, आणि तो जन्मासोबत आपोआप आलेला नाही. तो संथा देऊन, घोटवून घेऊन आलेला आहे. म्हणजे राजघराण्याचे रक्त आणि गाण्याच्या घराण्याची तालीम या दोन्ही गोष्टी इथे एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटतात, आणि ती व्यक्ती स्त्री आहे.

गडकऱ्यांची ‘पुण्यप्रभाव’, ‘भावबंधन’, ‘राजसंन्यास’ ही नाटके त्यांच्या कारकिर्दीत येतात. गडकऱ्यांचे गद्य बोलणे म्हणजे काय हे ज्यांनी वर्गात मोठ्याने वाचून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. श्वासाचे नियोजन नसेल तर वाक्याच्या मध्यावरच माणूस कोलमडतो. त्या वाणीत मुरलेला नट पुढे ‘धाकटी जाऊ’, ‘मानिनी’ अशा कौटुंबिक चित्रपटांत सौम्य, सोशिक माणसे उभी करतो, आणि त्यानंतर जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’सारख्या आधुनिक, धगधगीत नाटकातही आपली जागा घेतो. मंडळ्यांचा काळ, पौराणिक-ऐतिहासिक नाटक, सामाजिक चित्रपट, दळवी-कालीन वास्तववाद अशी चार वळणे त्यांनी एका आयुष्यात घेतली. त्यांच्याविषयी ‘चरित्र अभिनेता’ हे लेबल वापरले जाते. नायक नव्हे, खलनायक नव्हे. पण त्याच्याशिवाय गोष्टीतले घर उभे राहत नाही, असा माणूस.

वाहिन्यांच्या आधीच्या त्या काळात चरित्र अभिनेत्याची मिळकत बेताचीच असे. तरीही चंद्रकांत गोखले यांनी आपल्या कमाईतून अपंग सैनिकांसाठी देणग्या दिल्या आणि ते काम पुढे विक्रम गोखले यांनीही चालू ठेवले. अभिनयाच्या इतिहासात याची नोंद कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या कुटुंबाला एकेकाळी समाजाने वाळीत टाकले, त्या कुटुंबाची समाजाविषयीची वागणूक कशी होती, हे त्यावरून कळते; म्हणून.

चंद्रकांत गोखले यांचे २० जून २००८ रोजी पुण्यात निधन झाले.

विक्रम गोखले : विरामाचा नट

विक्रम गोखले (१९४५–२०२२) यांच्या नावाशी जे नाटक कायमचे जोडले गेले ते जयवंत दळवी यांचे ‘बॅरिस्टर’. विजया मेहता यांनी १९७७ मध्ये ते दिग्दर्शित केले. दळवींच्या ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीतून हे नाटक आले, आणि पुढे त्यावरून ‘रावसाहेब’ हा चित्रपटही झाला. विलायतेहून परतलेला, सुधारणेची मते बाळगणारा बॅरिस्टर. त्याच्याच वाड्यात केशवपन झालेली विधवा मावशी. शेजारची तरुण राधा. आणि बॅरिस्टरवर पडलेली घराण्यातल्या वेडाची सावली. रूढीच्या अंधारात माणूस विचाराने कितीही पुढे गेला तरी घर त्याला मागे खेचते, असे हे नाटक सुचवते.

या नाटकाकडे गोखले घराण्याच्या संदर्भात पाहिले की त्याला आणखी एक पदर मिळतो. ‘बॅरिस्टर’मध्ये वारसा म्हणजे वेड, पिढ्यांकडून येणारी, टाळता न येणारी गोष्ट. आणि विधवा म्हणजे वाड्याच्या आत मिटलेले आयुष्य. ही भूमिका करणाऱ्या नटाची आजी मात्र अशाच काळात विधवा झाली होती आणि तिने वाड्याबाहेर, दिव्यांच्या झोतात आयुष्य काढले होते. दळवींच्या नाटकातल्या बॅरिस्टरला जी सुटका घडवून आणता आली नाही, ती कमलाबाईंनी कोणा बॅरिस्टरची वाट न पाहता स्वतः घडवली होती. नाटक आणि नटाचे घर यांना असे एकमेकांवर ठेवून पाहणे काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्हांला ते उपयुक्त वाटते. कारण साहित्यात विधवेचे चित्रण नेहमी करुणेचा विषय म्हणून येते, आणि इतिहासात मात्र अशा स्त्रिया पोट भरणाऱ्या, मुले वाढवणाऱ्या, कला शिकवणाऱ्या दिसतात.

अभिनयाच्या शैलीच्या दृष्टीने विक्रम गोखले यांचे वैशिष्ट्य म्हणजे विराम. त्यांचे थांबणे, नजर किंचित वळवणे, मग हळूच शब्द टाकणे याची नक्कल पुष्कळांनी केली, थट्टाही झाली. पण या विरामाकडे घराण्याच्या लांबीतून पाहावे. आजीच्या काळात नटाची कसोटी गाण्यावर आणि टिपेच्या आवाजावर होती. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचलाच पाहिजे, हा तेव्हाचा धर्म. वडिलांच्या काळात ती गडकरी-पल्लेदार वाक्यावर आली. नातवाच्या काळात ध्वनिक्षेपक आणि कॅमेऱ्याचा जवळचा कोन हाताशी आला, आणि न बोलण्यालाही अर्थ प्राप्त झाला. मूकपटापासून निघालेले घर तिसऱ्या-चौथ्या पिढीत पुन्हा मौनाकडे आले. मात्र पहिले मौन यंत्राने लादलेले होते, हे दुसरे नटाने निवडलेले होते.

हिंदी चित्रपटांनी त्यांना ‘अग्निपथ’पासून ‘हम दिल दे चुके सनम’पर्यंत घराघरांत नेले, दूरचित्रवाणीवर ‘अग्निहोत्र’सारख्या मालिकेने नवा प्रेक्षक दिला. गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’साठी त्यांना २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो इरफान खान यांच्यासह विभागून होता. अत्यवस्थ पत्नीचे उपचार थांबवण्याची अनुमती द्यायची की नाही, या पेचात सापडलेला वृद्ध त्यांनी त्यात साकारला. २०१६ च्या आरंभी ‘नटसम्राट’ हा चित्रपट आला. त्यात ते गणपतरावांचे नटमित्र रामभाऊ झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, घशाच्या विकारामुळे, त्यांनी रंगभूमीवरून निवृत्ती जाहीर केली. चित्रपटांत ते पुढेही दिसत राहिले. तंबूतल्या टिपेच्या आवाजापासून सुरू झालेल्या या घराण्याचा रंगभूमीवरचा वावर शेवटी घशाच्या दुखण्यापाशी थांबावा, हा योगायोग बोलका आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

वारशाचा हिशेब

आडनाव बापाचे आणि कला आईची, असे हे घर मराठीत एकटे नाही. अब्दुल करीम खाँ यांच्यापासून दूर झाल्यावर ताराबाई माने यांनी मुलांना आपले नाव दिले, आणि सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्या रूपाने किराणा घराण्याची मोठी शाखा आईच्या छत्राखाली वाढली. तिथे निदान नाव तरी आईकडून आले. कामत-गोखले यांच्या बाबतीत नावही राहिले नाही.

हे सगळे आम्ही कशासाठी मांडतो आहोत? नाट्येतिहासाच्या आमच्या अभ्यासक्रमात भावे, किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी ही नाटककारांची साखळी असते. नट येतात ते नाटककारांच्या मागोमाग, आणि नटी येतात त्या ‘स्त्रियांचे योगदान’ या शेवटच्या, वेळ उरला तर शिकवायच्या घटकात. त्यामुळे विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, आधी पुरुषांनी रंगभूमी उभी केली आणि मग स्त्रियांना तिथे प्रवेश दिला. कामत-गोखले घराण्याचा क्रम याच्या नेमका उलट आहे. इथे मूळ दोन स्त्रियांपाशी आहे, आणि नामवंत पुरुष त्यांच्या हाताखाली तयार झाले. चंद्रकांत आणि विक्रम गोखले यांची थोरवी वर्णन करताना त्यांना ‘गोखले घराण्याचे वारस’ म्हणणे पुरेसे नाही; त्यांच्या कलेचा उगम सांगायचा तर दुर्गाबाईंचे नाव घेतल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

त्यासाठी अभ्यासमंडळाच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकाने पुढच्या वेळी फळ्यावर १९१३ हे साल लिहिले, तर ‘गंधर्व नाटक मंडळी’ आणि ‘राजा हरिश्चंद्र’ यांच्या शेजारी तिसरी ओळ लिहावी : ‘मोहिनी भस्मासुर’, दुर्गाबाई कामत, कमला कामत. आणि आई कोण, लेक कोण, पार्वती कोणी केली, मोहिनी कोणी केली, हे विद्यार्थ्यांकडून वहीत नीट उतरवून घ्यावे.